सुपारीचा तह

भारत आणि नेपाळ यांचे संबंध २०१५ साली बिघडले आणि पुढं सुधारलेही. दोन्हीकडचे पुढारी भेटले, हात हातात घेऊन फोटो काढले, रेल्वे सुरू झाली. हे सगळं मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी शिकवते. एक गोष्ट मात्र शिकवत नाही. चितळवाडी, तालुका खटाव, इथं हे संबंध दहा वर्षं तुटलेलेच होते आणि त्याला जबाबदार माझे वडील होते.

मी संयोगिता. कराडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला तर मी मॅडम, नसला तर मला शिपाईसुद्धा विचारत नाही. राहते मलकापुरात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. माझ्या विषयाबद्दल घरात कुणाला फारसा आदर नाही. आत्याला तर वाटतं, मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा क्लास घेते.

माझे वडील नानासो, आम्ही त्यांना नाना म्हणतो. आमच्या कोरड्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, हात धुतलेलं पाणी घ्यायचं, जुनं पायपुसणंसुद्धा सोडायचं नाही, सगळं भट्टीत घालायचं आणि त्यातून सोनं काढायचं. कुणी मदुराईला गेलं, कुणी गुवाहाटीला. नाना मिसरूड फुटायच्या वयात सरहद्द ओलांडून काठमांडूशेजारच्या पाटणला गेले. दोन्ही देशांच्या माणसांनी एकमेकांकडं राहावं, धंदा करावा, अशी सोय १९५० च्या करारात आहे. मुलं ते कलम परीक्षेपुरतं पाठ करतात. आम्ही भावंडं त्याच कलमावर वाढलो.

पाटणमध्ये नानांनी भट्टी लावली ती हेराकाजी शाक्य यांच्या घरात, तळमजल्यावर. हेराकाजी मूर्ती घडवणारे, सोन्याचा मुलामा देणारे, जातीनं नेवार, धर्मानं बौद्ध. वर ते, त्यांची म्हातारी आई, बायको आणि लेक सृजना. खाली नाना आणि भट्टी. नाना वर्षातून एकदा बिरोबाच्या जत्रेला घरी यायचे आणि आल्यापासून जाईपर्यंत ‘काजी असं म्हणाला, काजीनं तसं केलं’ एवढंच बोलायचे. माझी आई, मंगल तिचं नाव, एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "ह्येंचं लगीन माझ्यासंगं झालंय का त्या काजीसंगं, तेवढं एकदा इचारून सांग गं."

मग २०१५ उजाडलं. वैशाखात भूकंप झाला तेव्हा शाक्यांचं कुटुंब आणि नाना एकाच ताडपत्रीखाली चौकात झोपले. आम्ही इकडून फोन करकरून सांगितलं, या परत. नाना म्हणाले, काजीचं घर उभं राहिल्याबिगर येत न्हाई. घराची डागडुजी होऊन सगळे आत आले, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता नेपाळला जाणाऱ्या मालाच्या गाड्या सीमेवर अडकल्या. कुणी अडवल्या, याबद्दल दिल्ली एक सांगत होती आणि काठमांडू दुसरं. मी मुलांना दोन्ही सांगते. गॅस मिळेना, पेट्रोल मिळेना. ऐन तिहारात, म्हणजे त्यांच्या दिवाळीत, वरच्या मजल्यावर आणि खालच्या मजल्यावर मिळून एकच भरलेला सिलिंडर उरला, आणि त्यावरून दोन मित्रांचं जोरात वाजलं.

नक्की काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. नाना भट्टी विझवून, कुलूप लावून चितळवाडीला आले ते आलेच. त्यानंतर आमच्या घरात नेपाळ हा शब्द बंद. टीव्हीवर हिमालय दिसला तरी चॅनेल बदललं जायचं. पशुपतिनाथाचा फोटो तेवढा देवघरात राहिला, कारण देवाशी भांडण नव्हतं.

पण पोटाला भट्टी लागतेच. माझा धाकटा भाऊ अमृत हाताशी आल्यावर नानांनी त्यालाच पाटणला धाडलं. एक अट घातली, "काजीच्या घराची पायरी चढायची न्हाई." अमृत आज्ञाधारक पोरगा. त्यानं दोन गल्ल्या सोडून जागा घेतली आणि काजींच्या घराची एकसुद्धा पायरी चढला नाही. सृजनाच खाली उतरून आली.

हे मला कळलं ते अमृतच्या फोनवर. आधी त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी लफडं आहे.

"ताई, सृजना लगीन करीन म्हणतीया."

"मग कर की."

"आदी दोघांचं बाप बोललं पायजेत म्हणती. दोन मुक्या बापांच्या मधी मी जन्मभर निरोप पोचवत बसणार न्हाई, आसं म्हणाली. आन् तिचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आलाय, शिकायला. म्हैन्याभरात न्हाई जमलं तर ती जाणार."

"खरंच जाईल?"

"ती बोलती ते करती," अमृत म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला रडूच आलं. "तू राज्यशास्त्राची हायस. कायतरी कर."

खरं सांगते, मी हुरळून गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयाची कुणाला गरज पडली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी शेजारी देशांच्या धोरणावर असा काही तास घेतला की मागच्या बाकावरची मुलंही जागी झाली.

पण धोरण शिकवणं वेगळं आणि नानांना बोलतं करणं वेगळं. चितळवाडीला जाऊन मी विषय काढला. नानांनी ऐकून घेतलं, सुनेबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. "पोरगी बारकी हुती तवापासनं बघतोय मी तिला. सोन्यासारखी हाय. पर मी आदी बोलणार न्हाई." तिकडून अमृतनं सृजनाकरवी आलेला काजींचा असाच निरोप कळवला, लग्नाला हरकत नाही, पण आधी बोलणार नाही. भेटायचं कुठं, यावरही अडलं. त्यांच्या रीतीनं मुलाकडच्यांनी मागणं घालायला जायचं. नाना तिकडं जाणार नाहीत. आमच्याकडं मुलीच्या बापानं घरदार बघायला यायचं. काजी इकडं येणार नाहीत. वाटाघाटी अशा फिसकटत असताना शेजारच्या खोलीतून आत्यानं एकच प्रश्न विचारला. हरणाबाई आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण, अजून स्वतःची मेंढरं राखते.

"त्येंच्यात मेंढरं हायत का?"

"असतील की आत्या. डोंगर आहेत."

"मग माणसं बरी आसणार," आत्या म्हणाली, आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला.

शेवटी मी तोडगा काढला. माझा फ्लॅट ही तटस्थ भूमी. तिथं कुणी कुणाकडं गेलं, असं होत नाही. कारणंही मीच पुरवली. मलकापूरला लागून जखिणवाडीचा डोंगर आहे, त्यात आगाशिवची जुनी बौद्ध लेणी आहेत. काजी बौद्ध, तेव्हा ते लेणी बघायला येणार. नानांच्या डोळ्यांचं बरेच दिवस चाललं होतं, तेव्हा ते कराडला डोळे तपासायला येणार. दोघेही दुसऱ्याच कामाला आलेले, वाटेत माझ्याकडं चहाला टेकलेले. नाना म्हणाले, डोळं तपासाय कायच हरकत न्हाई. काजी म्हणाले, लेणी तर बघायचीच होती. मी त्या दिवशी स्वतःला पेढे आणून खाऊ घातले.

एक चूक झाली. दोघंही इतके मानी की दिलेलं कारण त्यांनी खरं करून दाखवलं. काजींनी भर दुपारी डोंगर चढून एकूण एक लेणं बघितलं आणि माझे तीन जिने ते दर मजल्यावर बसत बसत चढले. नानांनी डॉक्टरकडून डोळ्यांत औषध घालून घेतलं होतं. त्यांना लांबचं दिसत होतं पण जवळचं सगळं धूसर, उजेड सोसवेना म्हणून काळा चष्मा. चितळवाडीचे माझे साधेभोळे वडील एखाद्या सिनेमातल्या खलनायकासारखे घरात शिरले.

बसायचा प्रश्न मोठा होता. सोफ्यावर बसलेला माणूस खाली रुततो आणि खुर्चीवरचा उंच दिसतो. आत्यानं हे बघितलं, सोफा भिंतीकडं सरकवला आणि बरोबर आणलेलं घोंगडं अंथरलं. एका टोकाला काजी, त्यांच्याशेजारी आत्या, मध्ये सृजना, तिची आई आणि माझी आई, दुसऱ्या टोकाला नाना. अमृत स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभा राहिला. मी मधोमध बसले. एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी, आणि मी दुभाषी. नानांना हिंदी, नेपाळी, नेवारी सगळं येतं, पण रुसलेल्या माणसाला कुठलीच भाषा येत नाही.

नानांनी सुरुवात केली, माझ्याकडं तोंड करून. "पावन्यास्नी इचार, परवास कसा झाला. आन् वाटंत बॉर्डरवर कुणी गाडी अडवली का, तेबी इचार."

मी काजींकडं वळले. "पिताजी पूछ रहे हैं, सफर अच्छा हुआ ना?"

काजी गोरे, ठेंगणे, डोक्यावर नेपाळी टोपी. चेहऱ्यावरची रेष हलू न देता म्हणाले, "उनसे कहिए, हम हवाई जहाज से आए. जहाज गैस के सिलिंडर पे नहीं चलता."

"प्रवास छान झाला म्हणतात," मी नानांना सांगितलं. नानांना शब्दन् शब्द कळला होता हे मला दिसत होतं, पण दुभाष्यानं आपलं काम करावं.

"त्येंना म्हणावं, टोपी जुनीच हाय अजून. नवी घ्याय जमलं न्हाई वाटतं."

"पिताजी कहते हैं, आपकी टोपी बहुत सुंदर है."

"उनसे पूछिए, काला चश्मा क्यों? मुँह दिखाने में शरम आती है?"

"तुमच्या डोळ्यांची काळजी करतायत."

मी रंगात आले होते. दोन्हीकडून दगड येत होते आणि मी मधल्यामध्ये त्यांची फुलं करत होते. अमृतनं दारात मान खाली घातली होती, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं बिचारा रडतोय. सृजनाही पदराआड तोंड लपवून बसली होती. मी मनात म्हटलं, लेकरांनो, जरा धीर धरा, तुमची ताई आहे.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्येंना सांग, माझा पोरगा कष्टाळू हाय. भट्टी त्येच्या हातात दिऊन मी निवांत झोपतो. न्हाईतर काही जणांस्नी आगीचं कायबी कळत न्हाई. माझ्या भट्टीवर दोनदा भुवया जाळून घेतल्यात."

मी हसतमुखानं वळले. "पिताजी आपकी कारीगरी की बहुत तारीफ कर रहे हैं."

काजींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बाय, खोटं सांगतुय त्यो. माज्या एकदाच जळाल्या. दुसऱ्यांदा जळाल्या त्या त्येच्या. आन् मिशी बी."

हे मराठी होतं. नुसतं मराठी नाही, खटाव तालुक्यातलं, वडूजच्या बाजारात ऐकू येतं तसलं.

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

"लय येतं," काजी म्हणाले.

"कुणी शिकवलं?"

त्यांनी हनुवटीनं घोंगड्याच्या दुसऱ्या टोकाकडं दाखवलं. माझ्या डोक्यात हळूहळू सगळं शिरलं. नानांना हिंदी कळत होतं, काजींना मराठी कळत होतं, हे दोघांना एकमेकांबद्दल पुरतं ठाऊक होतं, अमृतलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो दारात हसून हसून बेजार झाला होता. दोन म्हातारे मनसोक्त एकमेकांना घालूनपाडून बोलत होते आणि मी एकटी घाम पुसत परराष्ट्र धोरण राबवत होते. मला इतका राग आला की मी उठून पेढ्यांचा बॉक्स उचलून आत नेऊन ठेवला. मग वाईट वाटलं आणि परत आणला.

पण दुभाष्या गेल्यावर खेळही संपला. आता बोलायचं तर तोंडातोंडी बोलावं लागणार, आणि आधी कोण बोलणार हा प्रश्न जिथल्या तिथं. दोघंही छताच्या पंख्याकडं बघत बसले. माझ्या आईनं सृजनाच्या आईला खुणेनं पेढा घ्या म्हटलं, तिनं खुणेनं नको म्हटलं. अमृतचं हसू कुठल्या कुठं गेलं.

काजी घड्याळ बघून उठायला लागले तेव्हा सृजनानं पिशवी उघडली. आतून लाल कापडाची पुरचुंडी काढली. ती सरळ नानांपुढं जाऊन वाकली, त्यांच्या ओंजळीत काहीतरी ठेवलं, मग माझ्या आईच्या, मग माझ्या, आणि शेवटी आत्याच्या हातात. अख्ख्या सुपाऱ्या होत्या. "मेरी तरफ से हो गया," ती म्हणाली. मान ताठ होती. "अब आप दोनों देखिए. अगले हफ्ते मेरा टिकट है."

नानांना जवळचं दिसत नव्हतं. त्यांनी ओंजळीत बोटं फिरवली आणि हातात काय आलंय ते ओळखलं. मग ओंजळ घट्ट मिटली.

मात्र आत्याला आनंदाचं भरतं आलं. आमच्याकडं सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, मग कागद लागत नाही की वकील. "बया, पोरीनंच सुपारी आणली," आत्या म्हणाली. "लय धाडसाची हाय. ह्ये दोघं बसत्याल तोंड शिवून. मी थोरली हाय, मीच फोडते." आणि तिनं कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला.

सृजनाची आई झटकन उभी राहिली. सृजनाचा चेहरा पांढराफटक पडला. काय बिघडलं ते मला कळेना, पण काहीतरी भयंकर होतंय हे कळलं. काजी आत्याच्या शेजारीच होते, त्यांनी हात अर्धा उचलला आणि थांबवला. पाव्हण्या घरची थोरली बाई, तिला कसं अडवायचं. अमृतच्या हातात ट्रे होता. आत्यानं सुपारी अडकित्त्यात धरली.

लांबचं नानांना स्वच्छ दिसत होतं. आत्याला ओरडून उपयोग नव्हता, ती जन्मापासून त्यांचं एक अक्षर ऐकत आलेली नाही.

"काज्या, हात धर तिचा! फोडंल ती!"

काजींनी झडप घातली. अडकित्ता मिटला तो त्यांच्या अंगठ्यावर. "आई गं," काजी म्हणाले, तेही मराठीत. सुपारी उडून सोफ्याखाली गेली. आत्या एका परक्या पुरुषानं आपलं मनगट धरलंय हे बघून आधी लाजली आणि मग म्हणाली, "आवं पावनं, हात सोडा की. लोकं काय म्हणत्याल."

अमृतनं ट्रे टाकला आणि सोफ्याखाली आडवा झाला. सुपारी घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना जळमटं लागली होती. "अख्खी हाय," तो म्हणाला. सृजना मटकन खाली बसली आणि हसायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फोडायची न्हाई, आक्का," नाना म्हणाले. ते धापा टाकत होते. "ह्येंच्यात नवरी सासरच्या हरेक माणसाच्या हातात अख्खी सुपारी ठिवती. ती घेतली म्हंजी पोरगी आपली झाली. जपून ठिवायची आसती. आपल्यात फोडली की जमतं, ह्येंच्यात..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

काजी अंगठा तोंडात धरून बसले होते. तो काढून म्हणाले, "बोललास."

"काय?"

"आदी तू बोललास."

"तुला न्हाई बोललो. आक्का सुपारी फोडत हुती म्हणून बोललो."

"काज्या म्हणालास. समद्यांनी ऐकलंय."

"व्हय, म्हणालो. जा, म्हणालो," नाना गुडघ्यांवर सरकत घोंगड्याच्या त्या टोकाला गेले. "आता बोललोच हाय तर ऐक. भूकंपात मी ऱ्हायलो. माझी बायकापोरं रडत हुती हिकडं, तरी ऱ्हायलो. तुझ्या भिताडाच्या इटा मी हातानं येचल्या. आन् एका सिलिंडरपाय तू मला म्हणालास, तुमी लोक आसलंच. मला. तुमी लोक."

दहा वर्षं आमच्या घरात जे कुणाला कळलं नव्हतं ते हे एवढंच होतं.

"म्हणालो," काजी म्हणाले. "घरात आई आजारी, चूल पेटंना, डोकं ठिकाणावर न्हवतं. म्हणालो मी. रात्रभर झोपलो न्हाई. सकाळी उठून तुला सांगणार हुतो, चुकलं माजं. आई तशा दुखण्यात तुजा च्या घिऊन खाली गिली, आन् दाराला कुलूप. ती तशीच कप घिऊन वर आली. मला म्हणाली, त्यो गेला. न सांगता गेला. तुला माझ्याशी बोलायचं न्हवतं तर न्हवतं. माझ्या आईला तरी सांगायचं."

नानांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते औषधाचं असं त्यांनी लगेच जाहीर केलं.

"सांगाय वर आलो आसतो," ते म्हणाले, "तर जाणं झालं नसतं माजं. म्हणून न सांगता गेलो."

काजींनी अंगठा नानांपुढं केला. "रगत आलंय बघ."

"कुठाय? मला जवळचं दिसत न्हाई."

"मग चष्मा कशाला घालतुयास मेल्या?"

आणि मग जे भांडण सुरू झालं तसलं मी कधी ऐकलं नव्हतं. दहा वर्षांचं सगळं तुंबलेलं. सिलिंडर कुणाच्या नावावर होता. भट्टीचा धूर वरच्या खोलीत जायचा. काजी बुद्धिबळात घोडा चोरायचे. मधूनच नेवारी, मधूनच मराठी, चिडले की हिंदी. दोन देशांच्या नकाशाचा विषय निघाला, नद्यांचा निघाला, दोन्ही सरकारांना दोघांनी मिळून शिव्या दिल्या आणि त्या एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत झालं. माझी आई सृजनाच्या आईला हातानं समजावत होती की हे ऐकू नका, हे चांगलं चाललंय. सृजनाची आई पेढे खायला लागली होती. कुणाला माझी गरज नव्हती, आणि मला त्याचा इतका आनंद झाला होता की मी आत जाऊन एकटीच नाचून आले.

"मग लगीन ठरलं का न्हाई?" आत्यानं विचारलं. तिच्या एका हातात अजून अडकित्ता होता आणि दुसऱ्यात सुपारी.

दोघं एकदम वळले. "ती सुपारी खाली ठेव आदी," दोघं एका आवाजात म्हणाले. भारत आणि नेपाळ यांचं माझ्या घरातलं हे पहिलं संयुक्त निवेदन. लग्न त्यातच ठरलं, कारण नंतर त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही. नानांनी आपल्या सुपाऱ्या रुमालात बांधल्या आणि छातीच्या खिशात ठेवल्या. आईनं सृजनाच्या तोंडात पेढा कोंबला. आत्याला काहीतरी फोडायलाच हवं होतं, म्हणून मी तिला खालच्या दुकानातून नारळ आणून दिला.

दिवस कलायला लागला तशी आत्याची घाई सुरू झाली. मेंढरं शेजारणीच्या भरवशावर होती आणि वडूजची एसटी चुकली की सगळं चुकलं. ती पिशव्या घेऊन जिना उतरलीसुद्धा, आईही तिच्या मागं गेली. नाना दारात गेले, वाकून चाचपडत एक चप्पल पायात घातली. काजी घोंगड्यावर बसून होते. सगळ्या जगाकडं बघत होते, फक्त दाराकडं बघत नव्हते. त्यांचा बांधलेला अंगठा वर होता.

नाना एका चपलेवर तसेच उभे राहिले. त्यांना काय करायचंय ते मला कळलं.

"काज्या."

"हां."

"येतो रं."

काजींनी मान वर केली. "ये," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

खालून आत्या हाका मारत होती, गाडी लागली म्हणून. नानांनी जिन्याकडं बघितलं, काजींकडं बघितलं. मग पायातली चप्पल काढली, परत आत आले आणि काजींच्या शेजारी घोंगड्यावर बसले.

"बघ," ते मला म्हणाले, "म्हणून सांगितलं न्हवतं."